पीटरसन पाइप: चांदी की निकेल, किती जुना, आणि बफ लावू का?

कवळीवाली, कॉर्क

नमस्कार मंडळी. मी ओढत नाही, हे पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे निम्मी प्रवचनं टळतील. पाइप मला वस्तू म्हणून आवडतात. पोटासाठी डेंटल टेक्निशियन आहे. दिवसभर कवळ्या बनवायच्या, प्युमिसने घासायच्या, बफच्या फिरत्या कापडी चाकावर चमकवायच्या. त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडात वर्षानुवर्षं राहिलेल्या वस्तूची मला किळस येत नाही. उलट स्टेमवर, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवर, दातांच्या खुणा दिसल्या की हा गृहस्थ कुठल्या बाजूने चावायचा, ते आधी बघते.

इथे आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरातल्या कोल कीच्या शनिवारच्या बाजारात एका आजोबांकडे बुटांच्या खोक्यात तीन पीटरसन, म्हणजे इथल्या पीटरसन कंपनीचे पाइप, मिळाले. कुणाचं तरी घर रिकामं करताना निघालेले. खोक्यावर चिठ्ठी: ‘व्हिक्टोरियन, १८९०, अस्सल चांदी’. ऐंशी युरो सांगत होते, पन्नासला दिले.

पहिला वाकडा आणि भरदार. शँकच्या, म्हणजे स्टेम जिच्यात बसते त्या लाकडी मानेच्या, तोंडावर पांढऱ्या धातूची घुमटाच्या आकाराची टोपी. टोपीवर ढालींमध्ये ‘के अँड पी’ आणि शेजारी तीन चित्रं: शॅमरॉकचं पान, बसलेला कुत्रा (की कोल्हा?) आणि एक उंच मनोरा. लाकडावर एका बाजूला ‘पीटरसन्स सिस्टिम स्टँडर्ड’, दुसऱ्या बाजूला तीन ओळींत ‘मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ आणि ३१२ हा आकडा. स्टेमचं भोक टोकाला नाही, वरच्या अंगाला आहे.

दुसरा लहान, तोही वाकडा. टोपी काळीठिक्कर. लॅबच्या भिंगातून बसलेली बाई, मुकुट घातलेली हार्प आणि एक झिजलेलं अक्षर दिसतं. लाकडावर दोन ओळींत ‘आयरिश फ्री स्टेट’. बाऊलचा, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीचा, काठ जळून काळा झालाय, आत काजळी इतकी की करंगळी जात नाही.

तिसरा सरळ, त्यावर ‘शॅमरॉक’ आणि ‘मेड इन आयर्लंड’. स्टेम शेवाळी रंगाची, शँकला बारीक चीर.

प्रश्न असे. चिठ्ठीतलं किती खरं? दोन्ही टोप्या चांदीच्या का? आणि मुख्य म्हणजे, लॅबमध्ये माझ्याकडे बफ, लेथ, प्युमिस, पॉलिशिंग पेस्ट सगळं आहे. संध्याकाळी अर्ध्या तासात तिन्ही आरशासारखे करून टाकीन. करू का?


फिटर, डन लीरी

आधी बफचं. हात लावू नका. बाकी सावकाश बोलू.

पाइपचं वय लाकूड बघून कळत नाही, शिक्का वाचून कळतं. आणि तो शिक्का इतका उथळ असतो की बफवर जरा जास्त वेळ धरलात की ‘रिपब्लिक’चं ‘पब्लिक’ होतं. बाजारात असे चकाचक पाइप ढिगाने येतात. कडा गोल झालेल्या, अक्षरं पुसलेली, आणि विकणारा कौतुकाने सांगतो की पूर्ण रिस्टोर केलाय. मी तसला पाइप फुकटही घेणार नाही. काळाकुट्ट, घाण, पण अक्षर शाबूत असलेला द्या.

आता १८९०. ते साल खरं आहे, पण ते पाइपचं नाही, पेटंटचं आहे. न्यूरेंबर्गहून आलेल्या काप बंधूंचं डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर दुकान होतं. चार्ल्स पीटरसन हा तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या लाटव्हियाचा कारागीर. तो त्यांना येऊन मिळाला (टोपीवरचं ‘के अँड पी’ म्हणजे काप आणि पीटरसन) आणि त्याने १८९० मध्ये ‘सिस्टिम’ पाइपचं पेटंट घेतलं. भोक वरच्या अंगाला असलेला ‘पी लिप’ त्यानंतर काही वर्षांनी आला. गंमत अशी की दोन्ही गोष्टी आजतागायत बनतात. त्यामुळे ‘पेटंट १८९०’ एवढं नेटवर वाचून लोक कालपरवाच्या पाइपला व्हिक्टोरियन करून टाकतात. तुमच्या आजोबांनी फसवलं असेल असं नाही. त्यांनीही तेच वाचलं असणार.

खरं साल ठरवायला इथल्या राजकारणाचा इतिहास हाताशी लागतो. देशाचं नाव बदललं की शिक्का बदलला. फ्री स्टेट अस्तित्वात आलं ६ डिसेंबर १९२२ ला. नवी राज्यघटना लागू झाली २९ डिसेंबर १९३७ ला आणि देश झाला ‘एअरे’, आयर्लंडचं आयरिश भाषेतलं नाव. मग १८ एप्रिल १९४९ ला प्रजासत्ताक. म्हणून ‘आयरिश फ्री स्टेट’ असेल तर १९२२ ते १९३७. ‘मेड इन एअरे’, बहुतेकदा गोलात, असेल तर त्यानंतरची थोडी वर्षं. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असेल तर १९४९ च्या पुढे कधीही, अगदी अलीकडेपर्यंत. नुसतं ‘मेड इन आयर्लंड’ मात्र दगाबाज. ते वेगवेगळ्या काळात वापरलंय, त्यावर एकट्यावर विसंबू नका. आणि कारखान्यातला माणूस राज्यघटना बदलली म्हणून दुसऱ्या दिवशी जुना ठसा फेकून देत नाही, तो झिजेपर्यंत चालवतो. मी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काढलंय, मला हे कुणी शिकवायला नको. तेव्हा मागेपुढे वर्ष-दोन वर्षं धरून चाला.

म्हणजे तुमचा दुसरा, लहान, काळा, सगळ्यात दुर्लक्षित, तोच सगळ्यात जुना. पहिला तुलनेने पोरगा आहे. ३१२ हा आकार क्रमांक, सालाशी त्याचा संबंध नाही.

पहिल्याची टोपी निकेलची. शॅमरॉक, कुत्रा, मनोरा ही आयर्लंडची चिन्हं आहेत, चांदीचे शिक्के नव्हेत. तो कुत्रा म्हणजे आयरिश वुल्फहाउंड, मनोरा म्हणजे इथल्या जुन्या मठांपाशी असतो तो गोल बुरूज. तीन चौकटी एका ओळीत ठोकल्या की लांबून हॉलमार्कच वाटतो. मला तर वाटतं, तसा वाटावा म्हणूनच ठोकला. ‘सिस्टिम स्टँडर्ड’ला निकेल, वरच्या दर्जाच्या ‘प्रीमियर’ आणि ‘डिलक्स’ला चांदी, असा साधारण रिवाज.

दुसऱ्याची टोपी चांदी. बसलेली बाई म्हणजे हायबर्निया, आयर्लंडचीच मूर्ती. तिच्या शेजारी मुकुटवाली हार्प. या दोघी एकत्र असल्या की डब्लिनच्या कचेरीत तपासलेली चांदी. इंग्लंडचं काम असतं तर चालता सिंह दिसला असता. अक्षर म्हणजे साल, दर वर्षाला एक अक्षर. पण अक्षरं आणि सालं यांच्या तक्त्यात नुसतं अक्षर जुळवू नका. दर फेरीत अक्षराचं वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार बदलतो, तिन्ही जुळायला हवेत. आणि अक्षर टोपीचं साल सांगतं, लाकडाचं नाही. टोपी नंतर बदललेली असू शकते. तुमच्याकडे सुदैवाने लाकडावरही शिक्का आहे. दोघांची साक्ष जुळली तर प्रश्न मिटला.

साफसफाईचं उद्या लिहितो, बायको जेवायला हाक मारतेय.


हुपरीकर

मी पाइपवाला नाही, चांदीवाला. घरात तीन पिढ्या हेच काम. म्हणून दुसऱ्या पाइपबद्दल दोन शब्द.

मुकुटवाली हार्प म्हणजे ९२५ टंच, हे बरोबर. कसोटीवर घासायच्या फंदात पडू नका, शिक्का आहे तेवढं बास. टोपीवरचा पत्रा शँकच्या तोंडाशी फार पातळ असतो, एक ओरखडाही दिसतो.

आपल्याकडे घरोघरी चांदी रांगोळीने घासतात, नाहीतर टूथपेस्टने. दोन्हीत कण असतात आणि दर दिवाळीला थोडी थोडी चांदी बोळात जाते. जुन्या ताम्हनांवरची नावं अशीच गेली. तुम्ही रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ सुती फडकं बुडवून, पिळून, फक्त टोपी पुसा. पाणी लाकडात जाऊ देऊ नका. बाटलीत बुडवून काढायचं सिल्व्हर डिप तर अजिबात नको. ते टोपीच्या आत शिरतं आणि आतून लाकूड खातं.

आणि शिक्क्याच्या खड्ड्यातलं काळं काढू नका. लोक ब्रश घालून तेही पांढरं करतात आणि मग म्हणतात अक्षर दिसत नाही. त्या काळ्यामुळेच अक्षर वाचता येतं. आम्ही तर नव्या मालात मुद्दाम काळं भरतो.

एक शंका मलाही आहे. लिलावात बघितलेल्या पाइपांमध्ये स्टेमजवळचा भाग जास्त काळा दिसतो. तसं का?


फिटर, डन लीरी

हुपरीकर, बरोबर पकडलंत. स्टेम व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेडात आणि हवेत ते हळूहळू गंधक सोडतं. चांदीला गंधक लागलं की काळी पडणारच. म्हणून चांदीचा पाइप स्टेम लावून बंद डबीत ठेवू नये, आणि चार पाइप रबरबँडने बांधून तर मुळीच नाही.

आता साफसफाई. कवळीताई, तुमच्या हाताला सवय आहे म्हणून बारीक सांगतो.

बाऊल. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची खोडामुळाच्या सांध्यावरची गाठ. वरून पाणी नाही, खाली खडक, अशा जागी ती हळू वाढते. मग तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात. म्हणून ती विस्तव सोसते. पण आतली काजळी वाढली की ती तापून लाकडापेक्षा जास्त फुगते आणि बाऊल आतून तडकवते. ती काढायची, सगळी नाही. एक-दीड मिलिमीटरचा थर राहू द्या. चाकूने खरवडू नका, गोल लाकडी दांडीला वॉटर पेपर गुंडाळून फिरवा. तळाशी धूर येण्याचं भोक आहे, त्याची कड सांभाळा.

काठावरची काळी राप. यावर लोक सर्रास पॉलिश पेपर मारतात आणि काठाचा आकार बिघडवतात. ओलसर सुती कापड, आणि हसू नका, थोडी थुंकी. तिच्याने बरंच निघतं, तुम्हाला त्यामागचं कारण माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. उरलेलं राहू द्या. जळलेलं लाकूड घासून परत येत नाही.

मग विहीर. सिस्टिम पाइपची सगळी करामत तिथे आहे. बाऊलमधून येणारं भोक शँकमध्ये वरच्या अंगाला उघडतं, आणि त्याखाली शँकमध्येच एक खोल भोक पाडलेलं असतं. धूर गार होतो तसं पाणी सुटतं, ते खाली विहिरीत जातं, धूर वरून स्टेममध्ये. स्टेमचं आतलं भोक शँककडे रुंद आणि तोंडाकडे अरुंद, आणि शेवटी वर वळलेलं, म्हणजे धूर जिभेला न चटकता टाळूकडे जातो. मी पहिल्यांदा एक उघडून बघितला तेव्हा मान डोलावली. एकही हलणारा भाग नाही, बदलायची गाळणी नाही, विहीर भरली की स्टेम काढून झटकायची, झालं. टोपीत स्टेम नुसती खोचलेली असते, त्यामुळे पाइप गरम असतानाही ओढून काढता येते. साध्या पाइपची स्टेम गरम असताना काढलीत तर शँक फाटते.

त्या विहिरीत पन्नास वर्षांचा चीक असणार. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचे बोळे बुडवून भरून ठेवा, रात्रभर. सकाळी काढा, कॉफीच्या रंगाचे निघतील. पांढरे निघेपर्यंत करा. ड्रिल घालू नका. बाऊललाही तोच उपाय, जुन्या तंबाखूचा वास कापसात उतरतो. काहीजण कापसाऐवजी मीठ भरतात. मी नाही भरत, मीठ लाकडात राहतं आणि दमट हवेत पाणी धरतं. स्पिरिट वापरताना बाहेरच्या अंगावर थेंब पडू देऊ नका, जुना रंग निघतो.

स्टेम. शेवाळी रंग म्हणजे वर आलेलं गंधक, घाण नव्हे. कपड्यांचे डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर कोमट पाण्यात विरघळवून त्यात काही तास ठेवा. त्याआधी स्टेमवर पांढरं ‘पी’ असेल तर त्यावर व्हॅसलीन थापा. बाहेर काढल्यावर तपकिरी पीठ सुटलेलं असेल, खरखरीत कापडाने पुसा. मग वॉटर पेपर, पाण्यात, ६०० पासून २००० पर्यंत. पी लिपच्या टोकाला पेपर नको, तिथली धार गेली की पाइप ओठाला ओळखू येत नाही.

आता शेवटी बफ. फक्त स्टेमला, तोही मऊ, तोही हळू. तुम्ही म्हणाल मला काय शिकवता. तरी सांगितलं.


कवळीवाली, कॉर्क

फिटरकाका, शिकवा की. बफ बंद ठेवलाय.

पण व्हल्कनाइटची ओळख तुमच्याआधी आमच्या धंद्याला आहे हं. ॲक्रिलिक येण्याआधी कवळ्यांचं बूड व्हल्कनाइटचंच असायचं. लॅबच्या कपाटात एक जुनी ठेवलीय, तिचा उलटा भाग अगदी असाच शेवाळी झालाय, आणि नाकाशी धरली तर तोच गंधकाचा वास. त्यामुळे स्टेम हातात घेतल्यावर परकं काही वाटलं नाही. थुंकीचंही बरोबर, तिच्यात एन्झाइम असतात. जुनी तैलचित्रं साफ करणारेही वापरतात असं वाचलंय.

अक्षराचं काम झालं. भिंगाने डोळे फुटले तरी वळण कळेना, म्हणून दातांचं माप घ्यायचं सिलिकॉन टोपीवर दाबलं. आम्ही मापासाठी एक पातळ मिश्रण वापरतो, ते नखावरच्या रेषासुद्धा उचलतं. सोलून काढल्यावर खड्डे उंचवटे झाले, तिरक्या उजेडात धरलं आणि अक्षर, ढाल, हार्पच्या तारासुद्धा दिसल्या. तक्त्यात १९३० च्या आसपास बसतं. फ्री स्टेटच्या शिक्क्याशी जुळतं. म्हणजे टोपी आणि लाकूड एकाच घरातले.

हुपरीकर, रिठे इथे कॉर्कच्या भारतीय किराणा दुकानात मिळाले, केसांसाठी ठेवतात. टोपी उजळली. खड्ड्यातलं काळं तसंच आहे.

दातांच्या खुणा: पहिल्याच्या स्टेमला खालून दोन खोल खड्डे आहेत. गरम करून वर येतील का? ॲक्रिलिक असतं तर मी हिंमत केली नसती.


फिटर, डन लीरी

सिलिकॉनची कल्पना झकास. मी इतकी वर्षं मेणबत्तीच्या उजेडात डोळे बारीक करतोय.

व्हल्कनाइटला आपला मूळ आकार आठवतो. स्टेमच्या भोकात पाइप क्लीनर घाला, म्हणजे भोक बंद होणार नाही. मग उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात टोक काही वेळ धरा. उथळ खुणा स्वतःहून वर येतात. पण फार तापवलंत तर वाकवलेली स्टेमही मूळच्या सरळपणावर जाईल, तेव्हा वाकावर पाणी लागू देऊ नका. जिथे दाताने पदार्थच फाटलाय तो खड्डा वर येणार नाही. तिथे काळा सुपरग्लू थेंबाथेंबाने भरा, वाळू द्या, घासा. रंगछटा जुळवणं तुम्हाला काही अवघड नाही.


खलाशाचा नातू, रत्नागिरी

मधेच घुसतो. माझे पणजोबा बोटीवर आगवाले होते, बॉयलरवर. त्यांच्या पेटीत एक पाइप आहे, ‘पीटरसन्स’ असं स्पष्ट लिहिलंय, पण खाली ‘मेड इन इंग्लंड’. मामा म्हणतो नकली, पीटरसन तर आयर्लंडचा. शिवाय पाऊस सुरू झाला की स्टेम अशी बसते की दिवाळीपर्यंत हलत नाही. आणि बाऊलवर बुरशी.

पणजोबा त्यात काय भरायचे देव जाणे, अजून मिश्रीसारखा वास येतो.


फिटर, डन लीरी

मामांना सांगा, नकली नाही. साधारण १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५० च्या दशकापर्यंत पीटरसनचा लंडनमध्येही कारखाना होता, तिथल्या मालावर इंग्लंडचा शिक्का. पणजोबांची बोट लंडनच्या गोदीत लागत असेल तर सरळ हिशेब आहे. हे पाइप लोक आयरिश नाहीत म्हणून स्वस्तात सोडतात. मला त्यात काही कमी वाटत नाही.

स्टेम पिळू नका, निदान पावसाळ्यात नाही. ब्रायर दमट हवा पिऊन फुगतं आणि स्टेमला आवळतं. पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग बाऊलला नाही, शँकला धरून हळू फिरवा. एका दिशेने, मागेपुढे नाही. निघाली की टेनॉनला, म्हणजे स्टेमच्या शँकमध्ये शिरणाऱ्या टोकाला, पेन्सिलीचं शिसं चोळून परत बसवा. आणि स्टेम वेगळीच ठेवा, तुमच्याकडच्या हवेत दोन्ही वेगळे सुखी राहतात.

बुरशीला स्पिरिटने ओलसर केलेला बोळा, मग सावलीत वाळवणं. उन्हात नाही. वर मेणाचा पुसट हात. खोबरेल लावू नका, घरात सगळ्यांचा पहिला हात तिकडेच जातो. आत मुरतं आणि खवट होतं.


जुनं ते जुनंच, पुणे

एवढा खटाटोप कशासाठी? वापरानं आलेली झळाळी आणि डाग हेच तर वस्तूचं मोल. जशी मिळाली तशी काचेत ठेवा. आणि आयर्लंडमध्ये २००४ पासून पबात ओढायलाही बंदी आहे, म्हणजे ते पाइप तिथेही आता काचेतच.


कवळीवाली, कॉर्क

पुणेकर, डाग आणि घाण यात फरक आहे. विहिरीतून जे निघालं ते तुम्ही पाहिलं असतंत तर काचेत ठेवण्याचा आग्रह धरला नसतात. काठाचा जळका भाग तसाच ठेवलाय, स्टेमवरची एक उथळ खूणही ठेवलीय. आणि बंदीच्या आधीही हा मनुष्य पबात नाही, घरीच ओढत असावा. खुणा सगळ्या एकाच जागी आहेत. पाइप तोंडात आणि दोन्ही हात कामात असलेला माणूस असा चावतो.

ताजी खबर: पहिले दोन झाले. पहिल्यावर रिपब्लिकच्या तिन्ही ओळी शाबूत. बाऊलच्या पोटावर एक पोचा होता, त्यावर ओलं कापड ठेवून कपड्यांची इस्त्री टेकवली, वाफेने लाकूड वर आलं. शिक्क्याच्या बाजूला इस्त्री नेली नाही.

तिसरा राहिलाय. चीर शँकच्या तोंडापासून आत जवळजवळ एक सेंटीमीटर जाते. पाइपवाले म्हणतात की चांदीची पट्टी चढवा. पण पट्टी चढवली तर ‘शॅमरॉक’मधली शेवटची दोन अक्षरं झाकली जातात. काय करावं?


फिटर, डन लीरी

अक्षर झाकू नका.

आधी चीर कुठे संपते ते भिंगातून शोधा. दिसते त्याच्या थोडी पुढे असते. स्पिरिटचा थेंब टाका, पुसा, चिरेत ओल मागे राहते ती टोकापर्यंत रेष दाखवते. त्या टोकावर अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडा, तुमच्याकडे दातांचे ड्रिल आहेतच. भोक असलं की चीर पुढे जात नाही. आम्ही बीडाच्या कास्टिंगला हेच करायचो. मग पातळ सुपरग्लू चिरेत सोडा, तो आपोआप आत ओढला जातो, आणि शँक दोऱ्याने आवळून रात्रभर ठेवा. भोकात ब्रायरची भुकटी आणि गोंद.

ओढणार असाल तर पट्टी लागेलच, कारण स्टेम आत घालताना दर वेळी जोर चिरेवर येतो. तुम्ही ओढत नाही. मग स्टेम बाहेर ठेवा किंवा टेनॉन किंचित घासून सैल करा. गोंद पुरे.


हुपरीकर

पट्टी हवीच असेल तर अरुंद करता येईल. अडीच मिलिमीटर रुंद, पातळ पत्र्याची, कड आत वळवून. तेवढ्याने अक्षर झाकणार नाही, मी फोटो मोठा करून मोजलं. त्यावर हार्प, ढाल, कुत्रा काहीही ठोकणार नाही, फक्त ९२५ आणि आमच्या पेढीचा ठसा, म्हणजे उद्या कुणी ती डब्लिनची म्हणून विकणार नाही.

शँकचा व्यास कळवा. व्हर्नियरने, तोंडाशी एक आणि पाच मिलिमीटर आत एक, दोन्ही आडवे-उभे. लाकूड गोल दिसतं, असत नाही.


कवळीवाली, कॉर्क

तोंडाशी आडवा १३.४, उभा १३.१. आत १३.६ आणि १३.३. आधी गोंद लावते, वाळल्यावर पुन्हा मोजून कळवते, तोवर पत्रा कापू नका.